शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये एक अख्खा दिवस : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पॅरिसला लेकीकडे, मुलाकडे किंवा नुसती फिरायला आलेली मराठी माणसं मला बरेचदा विचारतात, "एक दिवस मोकळा आहे, कुठे जाऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे : शार्त्रला जा. आणि पाठोपाठ दुसरं वाक्य : अख्खा दिवस काढून जा.

हे दुसरं वाक्य मला अनुभवाने शिकवलं. पहिल्यांदा मी एका टूर बसमधून गेले होते. चाळीस मिनिटं दिली होती. आत शिरलो, अंधार होता, माना वर केल्या, फोटो काढले, परत बसमध्ये. घरी येऊन फोटो पाहिले तर काळ्या पडद्यावर निळे ठिपके. दोन वर्षांनी सासूबाईंना घेऊन गेले, तेव्हा त्या गुडघ्यांमुळे एका खिडकीसमोर खुर्ची ओढून बसल्या त्या बसल्याच. पंधरा मिनिटांनी त्यांनी मला हाक मारली. "अगं, खाली बघ, तो बूट शिवतोय!" खरंच खिडकीच्या अगदी तळाला एक माणूस खाली वाकून बूट शिवत होता. आठशे वर्षं तो तिथे बसलाय आणि मी त्याच्या पुढून चालत गेले होते. त्या दिवसापासून मी शार्त्र सावकाश बघायला शिकले. खाली जे लिहिते आहे ते त्याच क्रमाने आहे, सूर्याच्या मागे मागे जाणारं.

जायच्या आधी एवढं माहीत असू द्या

शार्त्र हे पॅरिसच्या नैर्ऋत्येला, बोस नावाच्या गव्हाच्या सपाट मुलखातलं छोटं शहर. इथे मेरीचं वस्त्र म्हणून मानलं जाणारं एक रेशमी कापड आहे. सम्राट शार्ल द बाल्ड याने ते ८७६ मध्ये इथे दिलं असं मानतात. त्या वस्त्रासाठी लोक लांबून चालत यायचे. १० जून ११९४ च्या रात्री मोठी आग लागली आणि जुनं कॅथेड्रल जळालं. वस्त्रही गेलं असं समजून गाव हवालदिल झालं. तिसऱ्या दिवशी तळघरात अडकलेले पुजारी ते वस्त्र सुखरूप घेऊन बाहेर आले. मेरीला यापेक्षा मोठं घर हवंय, म्हणूनच तिने आग लागू दिली, असं लोकांनी मानलं आणि बांधकाम सुरू झालं. दगड आला जवळच्याच बेर्शेरच्या खाणीतून. मुख्य इमारत तीसेक वर्षांत उभी राहिली, म्हणून तिला एकसंधपणा आहे. एरवी अशी कॅथेड्रल्स बांधायला दोन-दोन शतकं लागत आणि प्रत्येक पिढी आपली शैली त्यात घालत असे. १२६० मध्ये राजा नववा लुई याच्या उपस्थितीत तिचं अर्पण झालं.

रचना समजायला आपले शब्द पुरतात. इमारतीचा आराखडा क्रूसाचा. पश्चिमेला मुख्य दार, तिथून पूर्वेकडे लांबलचक सभामंडप, मध्ये दोन्हीकडे निघालेले आडवे बाहू, आणि पूर्वेच्या टोकाला वेदी असलेला भाग, म्हणजे गाभाराच म्हणा. त्याच्या भोवती चक्क प्रदक्षिणामार्ग आहे. यात्रेकरूंची गर्दी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू असतानाही फिरत राहावी म्हणून तो केलेला.

मुंबईत राहत असाल तर निघण्याआधी फोर्टमध्ये एक चक्कर मारा. विद्यापीठाचं कावसजी जहांगीर सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे इंग्लंडच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी याच मध्ययुगीन शैलीवरून केले. टोकदार कमानी, रंगीत काचा, सगळं तिथे आहे. सभागृहाच्या गोल खिडकीभोवती बारा राशी कोरल्या आहेत. त्या नीट बघून ठेवा, शार्त्रला उपयोगी पडतील.

कधी जावं, काय न्यावं

शक्यतो शुक्रवारी जा. जमिनीवरचा प्रसिद्ध चक्राकार मार्ग एरवी खुर्च्यांखाली झाकलेला असतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून १ नोव्हेंबरपर्यंत साधारणपणे दर शुक्रवारी खुर्च्या हलवून तो मोकळा करतात. कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याचं वेळापत्रक बघून मगच दिवस पक्का करा. रविवारी सकाळी मुख्य मिस्सा असते, तेव्हा हिंडता येत नाही. उपासना अनुभवायची असेल तर मात्र जरूर रविवारी जा.

पाऊस असला म्हणून बेत रद्द करू नका. ढगाळ दिवशी इथला निळा रंग जास्त खोल दिसतो, लाल रंगाला मात्र ऊन लागतं. दोन्ही हवामानांत मी गेले आहे आणि दोन्ही दिवस वाया गेले नाहीत.

पिशवीत दुर्बीण हवीच. ही एक गोष्ट विसरलात तर अर्धं शार्त्र हुकलं. खिडक्यांची वरची चित्रं पंधरा-वीस मीटरवर आहेत, नुसत्या डोळ्यांना तिथे रंगांचा चुरा दिसतो. पक्षी बघायची साधी दुर्बीण पुरते. मे महिन्यातसुद्धा स्वेटर किंवा शाल घ्या, दगडाच्या आत गारठा असतो. मेणबत्ती लावायची असेल तर सुटी नाणी ठेवा. बूट काढावे लागत नाहीत. पुरुषांनी टोपी काढायची.

गाडी पॅरिसच्या माँपारनास स्थानकातून सुटते. सव्वा तासाच्या आसपास लागतो. ही प्रादेशिक गाडी असल्यामुळे तिकीट आयत्या वेळीही मिळतं. स्थानक अवाढव्य आहे आणि फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी लागतो, तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवून पोहोचा. शार्त्रला उतरलात की मनोरे समोर दिसतात. त्यांच्याकडे बघत चालत सुटायचं, दहा मिनिटांत पोहोचता. प्रवेश फुकट आहे. मनोऱ्यावर चढायला आणि तळघराच्या मार्गदर्शित फेरीला तिकीट पडतं.

सकाळ : आधी बाहेरच थांबा

आत जायची घाई होते, ती आवरा. पहिला पाऊण तास बाहेर द्या.

पश्चिमेच्या चौकात उभं राहून दोन्ही मनोऱ्यांकडे बघा. ते जुळे नाहीत. उजवीकडचा साधा, उतरत्या छपराचा, बाराव्या शतकातला, सुमारे १०५ मीटर उंच. डावीकडच्याचं टोक १५०६ मध्ये वीज पडून गेलं. त्यावर जेआँ द बोस या कारागिराने १५१३ पर्यंत नवं नक्षीदार टोक चढवलं, ११३ मीटरचं. मला साधा मनोरा जास्त आवडतो. चौरस पायावरून अष्टकोनी टोकाकडे तो जसा जातो, ते कुठे घडलं हे कळतच नाही.

मनोऱ्यांच्या मधल्या तीन दारांना राजद्वार म्हणतात. ही दारं ११९४ च्या आगीतून वाचली, म्हणजे आतल्या इमारतीपेक्षा जुनी आहेत. दारांच्या दोन्ही बाजूंना खांबांसारख्या लांबट राजे-राण्यांच्या मूर्ती आहेत. अंग ताठ, पण चेहरे बघा, जिवंत आहेत. राण्यांच्या वेण्या कमरेखाली आल्यात आणि त्यांचा पेड न् पेड मोजता येतो.

आता दुर्बीण काढा आणि उजव्या दाराची कमान बघा. तिथे विद्या कोरल्या आहेत, प्रत्येक विद्येच्या पायाशी तिचा एक जाणकार. संगीत घंटा वाजवतंय आणि तिच्या खाली मांडीवर पाटी घेऊन, पाठ वाकवून एक माणूस लिहितोय. तो पायथागोरस. तर्कविद्येच्या खाली ॲरिस्टॉटल. ख्रिस्तपूर्व काळातल्या ग्रीकांना चर्चच्या मुख्य दारावर जागा मिळाली, कारण बाराव्या शतकात शार्त्रची शाळा युरोपभर नावाजलेली होती.

मुलं बरोबर असतील तर त्यांना डाव्या दाराच्या कमानीवर राशी शोधायला लावा. शेजारी त्या त्या महिन्याचं शेतकाम आहे. विळ्याने गहू कापणारा माणूस सापडला की बोसचा मुलूख डोळ्यांपुढे येतो. राशी मात्र तिथे दहाच भरतील. मीन आणि मिथुन यांना जागा पुरली नाही, त्या उजव्या दारावर जाऊन बसल्या आहेत. माझ्या भाच्याने त्या शोधायला वीस मिनिटं घेतली आणि सापडल्यावर त्याने चौकात उड्या मारल्या.

मग इमारतीला बाहेरून एक फेरी घाला. भिंतींना बाहेरून टेकू देणाऱ्या कमानी दिसतील, खालच्या दोन कमानींमध्ये चाकाच्या आऱ्यांसारखे छोटे खांब बसवलेले. हे टेकू समजले की सगळी इमारत समजते. आतलं दगडी छत सुमारे ३७ मीटर उंचीवर आहे. त्याचं वजन फासळ्यांवरून खांबांवर उतरतं, पण ते खांबांना बाहेरही ढकलतं. ती ढकल हे टेकू झेलतात. त्यामुळे भिंतीला वजन धरायचं काम उरत नाही, आणि जिथे दगड असायचा तिथे काच बसवता येते. छप्पर हिरवं का, असं सगळे विचारतात. जुन्या छपराखालचं लाकूड १८३६ मध्ये जळालं. त्या जागी लोखंडी सांगाडा आणि तांब्याचे पत्रे आले, आणि तांबं हिरवं पडलं.

आत गेल्यावर पहिलं काम : बसा

दार ओलांडलं की अंधारी येते. दहा मिनिटं मागच्या खुर्चीवर गप्प बसा. फोन खिशात. डोळे सरावले की निळा रंग हळूहळू फुलायला लागतो. इथल्या खिडक्यांचं क्षेत्रफळ सुमारे २,६०० चौरस मीटर आहे, आणि बहुतेक काचा बाराव्या-तेराव्या शतकांतल्या मूळच्या आहेत. एवढी जुनी काच जागच्या जागी फार थोड्या ठिकाणी उरली आहे. दोन्ही महायुद्धांत काचा तावदान-तावदान सुटी करून, पेट्यांत भरून लांब सुरक्षित जागी नेल्या होत्या.

आत शिरल्यावर भिंती फिक्या पिवळसर दिसतील. २००९ च्या सुमारास सुरू झालेल्या कामात शतकांची काजळी काढून तेराव्या शतकातला मूळ रंग परत आणला गेला. यावर मोठा वाद झाला. अंधारातच काच खुलत होती असं पुष्कळांचं म्हणणं आहे. भिंतींच्या बाबतीत मी जीर्णोद्धार करणाऱ्यांच्या बाजूने आहे. उत्तरेच्या बाजूला खांबावरची मेरीची लाकडी मूर्ती आहे, तिच्याबद्दल मात्र नाही. लोक तिला कित्येक पिढ्या काळी मेरी म्हणून पूजत आले. तिचा चेहरा आता गोरा रंगवला आहे. मूळ रंग तोच होता हे खरं असेल, पण काळ्या विठ्ठलापुढे मोठी झालेली मी, मला ते लागलं.

खिडकी कशी वाचायची

खालून वर, आणि प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे. बस, एवढाच नियम. गोष्ट खाली सुरू होते आणि वर देवाकडे जाऊन संपते. अगदी तळाच्या चित्रांत बरेचदा गावातले कामकरी असतात : पाव भाजणारे, खाटीक, सुतार, सराफ, दारूचे व्यापारी.

सगळ्या खिडक्या वाचायला जाऊ नका. पहिल्या भेटीत तीन-चार पुरेत.

पहिली, सभामंडपाच्या दक्षिण बाजूची चांगल्या समारितनाची, येशूने सांगितलेल्या गोष्टीची. दुपारी ऊन याच बाजूने येतं. तळाला ते बूट शिवणारे. वर लुटारूंनी मारझोड करून अर्धमेला टाकलेला वाटसरू, पुढे त्याला उचलून नेणारा परका माणूस. गोष्ट अर्ध्यावर संपते आणि वर आदाम-हव्वेची सुरू होते. वाटसरू म्हणजे स्वर्गाबाहेर पडलेला माणूसच, हे त्या काळच्या लोकांना वेगळं सांगावं लागत नसे.

दुसरी, समोरच्या उत्तर बाजूची, प्रलयातून तारू बांधून वाचलेल्या नोहाची. तळाला सुतार, चाकं करणारे, पिंपं बनवणारे. तारवाची गोष्ट सांगायची तर लाकूडकाम करणाऱ्यांनीच सांगावी, नाही का?

तिसरी, दक्षिण बाहू ओलांडून प्रदक्षिणामार्गाला लागलात की लगेच उजव्या हाताची. निळी मेरी. मांडीवर बाळ घेऊन समोर बघणारी. तिचं वस्त्र फिकट निळं आणि मागे लालभडक. ही मधली काच बाराव्या शतकातली, आगीतून वाचलेली. तिच्या निळ्याचं वर्णन मी करणार नाही, समोर बसून बघा. प्रदक्षिणेत याच बाजूला पुढे राशींची खिडकीही आहे.

चौथी जागा आडव्या बाहूंच्या मधोमध. तिथे उभं राहिलात की एका हाताला उत्तरेची गोल खिडकी, दुसऱ्या हाताला दक्षिणेची. उत्तरेची नवव्या लुईची आई, राणी ब्लांश, हिच्या घराण्याशी जोडलेली आहे. तिच्या माहेरचे, कास्तीलचे, पिवळे किल्ले आणि सासरची, फ्रान्सची, लिलीची फुलं काचेत शेजारी शेजारी आहेत. दक्षिणेच्या गोल खिडकीखाली चार उंच खिडक्यांत बायबलच्या जुन्या करारातले चार मोठे संदेष्टे आहेत आणि त्यांच्या खांद्यांवर चार शुभवर्तमानकार, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणारे, बसलेत. जत्रेत बाप पोराला खांद्यावर घेतो, अगदी तसे. आपण ठेंगणे, पण आधीच्या थोरांच्या खांद्यावर बसल्यामुळे लांबचं दिसतं, हे म्हणणं ज्या बर्नारच्या नावावर आहे तो याच शार्त्रच्या शाळेत शिकवत होता.

दक्षिण बाहूच्या फरशीत एक तिरका बसवलेला दगड शोधा, त्यात एक धातूचा खिळा आहे. २१ जूनच्या सुमारास, सूर्य माथ्यावर येतो तेव्हा वरच्या खिडकीतल्या एका छोट्या भोकातून आलेली तिरीप बरोबर त्या खिळ्यावर पडते. उन्हाळ्यातल्या फ्रेंच घड्याळात तेव्हा दुपारचे दोन वाजायला आलेले असतात.

चक्रमार्ग

शुक्रवारी असाल तर हा जेवणाआधी करा. सुमारे तेरा मीटर व्यासाचं वर्तुळ, अकरा फेरे, एकच वाट. यात चुकायला जागाच नाही, फाटा कुठे फुटत नाही. मध्याला पोहोचेपर्यंत अडीचशे मीटरहून जास्त चालणं होतं. मध्य अगदी जवळ आला असं वाटतं आणि वाट पुन्हा बाहेर वळते. समोरून कोणी परत येत असेल तर थोडं अंग चोरून वाट द्या, बोलू नका, पुढच्याला मागून घाई करू नका. मध्यभागी काही खिळ्यांचे बुंधे दिसतील. तिथे धातूचा मोठा पत्रा होता, फ्रेंच क्रांतीच्या काळात तो काढून वितळवला गेला.

दुपार

इथली बरीचशी उपाहारगृहं दुपारी दोननंतर जेवण देत नाहीत, तेव्हा वेळ सांभाळा. शाकाहारी असाल तर सगळ्यात सोपं म्हणजे पाव, चीज, फळं घेऊन कॅथेड्रलच्या मागच्या बिशपवाड्याच्या बागेत बसणं. तिथून खालचं जुनं गाव आणि एर नदी दिसते. गोड म्हणून इथले मेंचिकॉफ घ्या. आत प्रालीन चॉकलेट आणि वर पांढरा कुरकुरीत थर.

पाय शाबूत असतील तर तळघराची फेरी करा. ती वाटाड्याबरोबरच होते. आगीच्याही आधीचं, अकराव्या शतकातलं हे तळघर म्हणजे दोन लांबलचक बोगदे आहेत, आणि आत ३३ मीटर खोल विहीर. ते पवित्र वस्त्र मात्र वर प्रदक्षिणामार्गातल्या एका देवळीत काचेमागे ठेवलं आहे. तिथे लोक गुडघे टेकून बसलेले असतात. त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढू नका. अजूनही दर वर्षी पेन्टेकॉस्टला, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाला, पॅरिसहून हजारो लोक तीन दिवस चालत इथे येतात, शंभरेक किलोमीटर. वारी पाहिलेल्या माणसाला या देवळीसमोरचे चेहरे ओळखीचे वाटतील.

मिस्सा सुरू झाली तर मागे बसून राहा. सगळे उभे राहिले की आपणही राहायचं. प्रसादासाठी रांग लागते, ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते. आपण जागेवरच बसायचं, कोणाला गैर वाटत नाही.

गाभाऱ्याभोवतीची दगडी भिंत जाता जाता बघा. १५१४ मध्ये सुरू झाली आणि पुरी व्हायला दोनशे वर्षं लागली. येशू-मेरीच्या आयुष्यातले चाळीस प्रसंग आहेत. दमला असाल तर सोडा.

संध्याकाळ : परत पश्चिमेला

चारनंतर, उन्हाळ्यात सहानंतर, पुन्हा सभामंडपात येऊन बसा. या वेळी वेदीकडे पाठ करा. मुख्य दारावरच्या तीन उंच खिडक्यांत ऊन शिरलेलं असतं. या तिन्ही ११५० च्या आसपासच्या, राजद्वाराच्या वयाच्या. उजवीकडची बघा. तळाला आडवा झोपलेला इशाय, म्हणजे दावीद राजाचा बाप, त्याच्या अंगातून झाड उगवलंय, फांदीफांदीवर एकेक राजा, सगळ्यात वर मेरी आणि येशू. वंशवेल हा शब्द आपण बोलताना सहज वापरतो, इथे ती खरोखर वर चढताना दिसते. ऊन उतरत गेलं की निळा, लाल रंग फरशीवर आणि खांबांवर सांडतो आणि सरकत राहतो. सकाळी ज्या खुर्चीवर बसला होतात तिच्यावरही तो येतो.

बंद व्हायची वेळ साधारण साडेसात. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत रात्री अंधार पडला की कॅथेड्रलच्या दर्शनी भागावर आणि गावातल्या इतर इमारतींवर रंगीत प्रकाशचित्रं दाखवतात, तीही फुकट. ती बघायची तर शार्त्रलाच मुक्काम करा, कारण जूनमध्ये अंधार पडायलाच साडेदहा होतात आणि पॅरिसची शेवटची गाडी तोवर हातची जाऊ शकते. मुक्काम नसेल तर परतीच्या गाडीची वेळ सकाळी उतरल्या उतरल्याच टिपून घ्या. गाडीत खिडकीची जागा धरा. गहू उभा असेल तर शेतांच्या वर ते दोन वेगवेगळे मनोरे बराच वेळ दिसत राहतात.